नागलीची नानकटाई



कविता लिहिणाऱ्या बाईने नानकटाईवर बोलावे याचे काही जणांना नवल वाटेल. पण ईद किंवा दिवाळी जवळ आली की बाई कवयित्री असो नाही तर कलेक्टर, मैदा-तूप-साखरेचा हिशेब तिच्या डोक्यात सुरू होतोच. आज मी जिच्याबद्दल बोलणार आहे त्या नानकटाईत मात्र मैदा नाही, रवा नाही, गव्हाचा कणसुद्धा नाही. ती नागलीची आहे. कोकणात आणि पुण्याकडे जिला नाचणी म्हणतात, तीच आमच्या नाशिककडची नागली. ही नानकटाई आमच्या घरात हौस म्हणून आली नाही, गरज म्हणून आली.

मी लहान होते तेव्हा जुन्या नाशकात, भद्रकाली, दूधबाजार, चौकमंडई या भागात, नानकटाई घरी भाजत नसत. घरात भट्टी कुठली? रमजानचे शेवटचे दिवस आले की मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत न्यायची. कारागीर आपल्या देखत ते फेटायचा, पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे मांडायचा. आपली पाळी यायला रात्र व्हायची. दिवाळीच्या आठ दिवस आधी त्याच बाकावर शेजारच्या काकू आपले डबे घेऊन बसलेल्या असत. वास तोच, प्रमाणही तेच : तीन भाग मैद्याला दोन भाग तूप आणि दोन भाग साखर.

फारसीत ‘नान’ म्हणजे रोटी. सुरतेला डच व्यापाऱ्यांसाठी बेकरी निघाली, पुढे ती एका पारशी कारागिराच्या हाती आली आणि तिथे नानकटाई जन्मली, अशी कथा सांगतात. डचांचा उल्लेख मुद्दाम केला. त्यांच्यातल्याच एका डॉक्टरकडे मला पुढे वळायचे आहे.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी सात वर्षांची झाली तरी वर्गात सगळ्यांत ठेंगणी होती. पोट फुगलेले, हातपाय काडीसारखे, चेहरा पांढुरका. जंताचे औषध देऊन झाले, लोहाचे टॉनिक देऊन झाले, नजर उतरवून झाली. हिमोग्लोबिन काही चढेना. शेवटी एका डॉक्टरांनी रक्ताची वेगळी तपासणी सांगितली. मग दुर्बिणीने आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासला आणि निदान झाले. आजाराचे नाव सिलिअ‍ॅक.

गहू, जव म्हणजे बार्ली आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळल्यावर ती ताणली जाते, पोळी फाटत नाही, पाव फुगतो, ते या ग्लुटेनमुळे. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाच्या शरीराला हेच ग्लुटेन शत्रू वाटते. त्याच्याशी लढताना शरीर स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवीसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नातले सत्त्व तेच शोषून घेतात. ते झिजून सपाट होतात. मग पोर कितीही खाऊ दे, अंगी लागत नाही. यावर गोळी नाही. ग्लुटेन जन्मभर वर्ज्य करणे हाच उपचार आहे. तो नीट पाळला तर बहुतेक मुलांची आतडी पुन्हा भरून येतात आणि वाढ सुरू होते.

हा दोष गव्हाचा आहे, हे जगाला कळायलाही वेळ लागला. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांना १९३० च्या दशकातच अशी शंका होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या अखेरीस, त्या देशात भयंकर उपासमार झाली. पावाचे दुर्भिक्ष होते. त्या काळातल्या अनुभवाने डिके यांच्या शंकेला बळ मिळाले आणि १९५० साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला. ज्यांच्या बेकरीतून आपल्याकडे नानकटाई आली असे म्हणतात, त्यांच्याच देशातल्या डॉक्टरने ती काही मुलांना का सोसत नाही हे शोधून काढले.

आपल्याकडे हा आजार गव्हावर जगणाऱ्या उत्तर भारतात जास्त आढळतो, साधारण शंभर माणसांत एक. दक्षिणेकडे तो बराच कमी आहे. महाराष्ट्रात त्याचे नाव अनेक घरांत ठाऊक नसते, म्हणून निदानाला उशीर होतो.

निदान झाल्यावर गहू बंद करणे सोपे वाटले होते. चपातीऐवजी भाकरी, झाले! पण घरात गहू कुठे कुठे दडलेला असतो हे तेव्हा कळले. रवा, मैदा, शेवया हे तर उघड आहे. पण बाजारातल्या डबीतल्या बांधानी हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. म्हणजे वरणभातसुद्धा निर्धोक नाही. दुधात घालायच्या काही पावडरींत जवाचे माल्ट असते. आणि सगळ्यांत मोठी अडचण निघाली गिरणीची. आपण विश्वासाने निवडलेली ज्वारी गिरणीत नेतो. आपल्या आधी कुणाचे तरी दहा किलो गहू दळलेले असतात. जात्याच्या दगडात, पत्र्यात, कापडी पिशवीत ते पीठ उरते आणि आपल्या ज्वारीत येते. निरोगी माणसाला त्याचे काही नाही. पण या मुलांच्या बाबतीत हिशेब मिलिग्रॅमचा असतो. बाजारच्या पदार्थावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचे असेल तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये, असा आपल्या देशातला नियम आहे.

गिरणीवरून बहिणीने घरघंटी घेतली. तिच्यात गहू कधी घालायचा नाही, हा घरातला कायदा. पोळपाट-लाटणे वेगळे, तवा वेगळा, चाळणी वेगळी. ज्या भट्टीच्या हवेतच मैदा तरंगतो तिथली नानकटाई तर बंदच झाली.

पथ्य पाळणे मुलीला फारसे जड गेले नाही, मोठ्यांना गेले. ईदच्या दिवशी आपण दहा घरी जातो. प्रत्येक घरी शीरखुर्म्याची वाटी पुढे येते आणि त्यात गव्हाच्या शेवया असतात. पोरगी मान हलवून नको म्हणते. मग दादी म्हणते, ‘‘बेटा, बिस्मिल्ला म्हणून दोन चमचे खा, काही होत नाही.’’ शेजारच्या काकू दिवाळीत करंजी पुढे करतात, ‘‘एवढीशी खाल्ली तर काय होतंय गं?’’ दोघींच्याही मनात मायाच असते. पण आपल्या मुलुखात ताटातले नाकारणे म्हणजे माणसाला नाकारणे, अशी समजूत आहे. आठ वर्षांच्या मुलीने ते ओझे कसे पेलायचे? एका ईदला ती म्हणाली, ‘‘खाला, मी घरीच बसते.’’ सणाच्या दिवशी मूल घरी बसू पाहते, हे मला त्या आजारापेक्षाही मोठे दुखणे वाटले. नागलीच्या नानकटाईच्या मागे मी लागले ती तेव्हापासून.

वाट दाखवली त्याच काकूंनी. पथ्याची यादी वाचून त्या म्हणाल्या, ‘‘अगं, भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा... हिची रोजच एकादशी समज!’’ खरेच, उपासाच्या या जिनसांत ग्लुटेन नसते. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, बेसन यांतही नसते. आणि नागली तर आपल्या दारातली. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगरउतारांवर पावसाळ्यात नागली आणि वरईच्या लावण्या होतात. कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची भाकरी ती. शहराने तिला गरिबाचे धान्य म्हणून खालच्या फळीवर ठेवले. पापडापुरती तेवढी तिची आठवण ठेवली. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागले तशी ती डोंगरातल्या ताटातूनही मागे सरली. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. तेव्हापासून दुकानांत नागलीची चकचकीत पाकिटे दिसतात. माझे म्हणणे इतकेच, की शक्य असेल तर डोंगरातून धान्य घेऊन येणाऱ्या बायकांकडून अख्खी नागली घ्या आणि भाव करताना त्या चढणीवरच्या लावणीची आठवण ठेवा.

अख्खी नागली घेण्यात आणखी एक फायदा आहे. तिचा दाणा मोहरीएवढा असतो. बारीक चाळणीतून चाळली की चुकून आलेला गव्हाचा दाणा वरच राहतो. मग धुऊन, सावलीत वाळवून, घरघंटीवर किंवा वेगळ्या ठेवलेल्या मिक्सरमध्ये दळायची.

आता कृती सांगते. कागद-पेन्सिल घ्या. नागलीचे पीठ १५० ग्रॅम, तांदळाचे पीठ ५० ग्रॅम, तूप १०० ग्रॅम, बारीक केलेला गूळ ९० ग्रॅम, वेलची, चिमूटभर मीठ, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर. बेकिंग पावडरच्या डब्यावरचे घटक वाचून घ्या, कारण काहींत गव्हाचा स्टार्च असतो. आधी नागलीचे पीठ मंद आचेवर सात-आठ मिनिटे कोरडे भाजायचे. खमंग वास आला की उतरवून पूर्ण गार करायचे. हे चुकवू नका, कच्च्या नागलीला मातकट चव येते. तूप आणि गूळ हाताने हलके होईपर्यंत फेटायचे, त्यात पिठे मिसळायची. ग्लुटेन नसल्यामुळे हा गोळा एकजीव होत नाही, भुरभुरतो. घाबरायचे नाही. दोन-तीन चमचे दूध शिंपडून झाकून वीस मिनिटे ठेवायचे. पीठ दूध शोषते आणि गोळे वळतात. साधारण वीस होतात. वर बदामाचा काप किंवा थोडे तीळ लावायचे.

ओव्हन १६० अंशांवर आधी तापवून अठरा ते वीस मिनिटे भाजायचे. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, त्यावर स्टँड ठेवून, झाकण लावून दहा मिनिटे तापवायचे आणि स्टीलच्या थाळीत गोळे मांडून मंद आचेवर पंचवीस मिनिटे ठेवायचे. नागलीचा रंग मुळातच तपकिरी, त्यामुळे रंगावरून भाजल्याचे कळत नाही. कडा कोरड्या दिसल्या आणि वर बारीक चिरा पडल्या की झाले. गरम असताना उचलायची नाही, मोडते. ताटलीतच गार होऊ द्यायची.

ही नानकटाई जास्त पौष्टिक आहे का, असे मला नेहमी विचारतात. थोडी आहे. १०० ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, गव्हापेक्षा कितीतरी जास्त. चोथाही भरपूर असतो. पण वीस नानकटाया केल्या तर एकीच्या वाट्याला कॅल्शियम येते पंचवीस-सव्वीस मिलिग्रॅम. पेलाभर दुधात त्याच्या आठ-नऊपट असते. आणि त्याच एकीत पाच ग्रॅम तूप, म्हणजे चहाचा एक चमचा, आणि जवळजवळ तेवढाच गूळ असतो. गूळसुद्धा शेवटी साखरच. मधुमेह असलेल्यांनी ‘नागलीची आहे’ म्हणून मूठभर खाऊ नये. मुलांनी दोन खाव्यात आणि खेळायला जावे.

दुसरे असे, की हल्ली वजन उतरावे म्हणून किंवा कुणी सांगितले म्हणून गहू सोडणारे बरेच भेटतात. ज्यांना सिलिअ‍ॅक किंवा गव्हाचा दुसरा त्रास नाही, त्यांना केवळ ग्लुटेन टाळून काही खास मिळत नाही. चपातीबरोबर भाकरीही खावी, एवढे पुरे. उलट ज्यांना शंका आहे त्यांनी तपासणीआधी गहू बंद करू नये. गहू बंद केला की रक्तातली खूण पुसट होते आणि तपासणी खोटी निर्धास्त करते. पोराची उंची वाढत नसेल, पोट सतत बिघडत असेल, लोहाच्या औषधाने रक्त भरत नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, ‘‘सिलिअ‍ॅकची तपासणी करायची का?’’ हा एक प्रश्न आमच्या घरात वेळेवर विचारला गेला असता तर त्या मुलीची काही वर्षे वाचली असती.

आता ती चौदा वर्षांची आहे. उंची वाढली, गालांवर रंग आला. ईदला तिच्यासाठी तांदळाच्या शेवयांचा शीरखुर्मा होतो आणि नागलीच्या नानकटाईचा डबा ती स्वतः भरते. तो डबा घेऊनच ती घरोघरी जाते. आधी सगळ्यांना देते, मग त्यांच्यात बसून आपली खाते. आता तिला कुणी आग्रह करत नाही.

तुमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांतही असे कुणी असेल. कुणाला गहू चालत नसेल, कुणाला शेंगदाणा, कुणाला साखर. त्याने ‘नको’ म्हटले तर रागावू नका आणि शपथ घालू नका. ‘‘तुला काय चालतं?’’ एवढे विचारा. उत्तर आले की जमेल तेवढे स्वच्छ, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चमच्याने करून द्या. पाहुणचार म्हणतात तो यापेक्षा वेगळा नसतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)