अंगणातले ऊन आणि अंगातली हाडे



वैशाखाचे ऊन उतरल्यावर भरलेल्या सभेत उन्हाचीच बाजू मांडायला आम्ही उभे राहावे, हे आपणांस चमत्कारिक वाटेल. विषय ‘ड’ जीवनसत्त्वाचा आहे; पण आम्हांला बोलायचे आहे ते वेदगंगेकाठच्या आपल्या घरांतील हाडांविषयी.

आपल्याच महाराष्ट्रातली एक जुनी गोष्ट प्रथम सांगतो. नाशिककडे हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी मुडदुसाचा अभ्यास केला आणि तो १९२२ साली प्रसिद्ध केला. मुडदूस हा गरिबाच्या, उपाशी पोराचा रोग, अशी सर्वसाधारण समजूत. त्यांना दिसले ते उलटे. रानात राबणाऱ्यांची अर्धपोटी पोरे उघड्यावर वाढत होती, त्यांच्यात मुडदूस क्वचित. खाऊनपिऊन सुखी, पण पडदा पाळणाऱ्या घरांतली लेकरे आणि त्यांच्या आया मात्र या रोगाने पिडलेल्या. उणे ताटात नव्हते, अंगणात होते. त्याच सुमारास, १९१९ साली, बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी दिव्याच्या जंबुपार किरणांनी मुडदूस बरा करून दाखविला होता.

याचे कारण असे. सूर्याचे जंबुपार किरण उघड्या कातडीवर पडले, की तेथील एका स्निग्ध द्रव्यापासून हे जीवनसत्त्व तयार होते. पुढे यकृत आणि मूत्रपिंड यांतून जाऊन ते कामास योग्य होते. त्याचे मुख्य काम म्हणजे अन्नातला चुना आतड्यांतून रक्तात ओढून घेणे. ते नसेल, तर दूध-नाचणी कितीही खा. चुना पुरता अंगी लागत नाही. मग मुलांचे पाय वाकतात, मोठ्यांची हाडे मऊ पडून ठणकतात.

आता आपल्या एका लाडक्या समजुतीस थोडा धक्का देणे भाग आहे. बाळाला न्हाऊमाखू घालून कोवळ्या उन्हात धरावे, असे आपण मानतो. कोवळे ऊन सुखाचे खरे. पण हे विशिष्ट किरण त्यात फार थोडे असतात. खूण सोपी आहे : आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल तोवर किरण कमी, ती आखूड झाली की किरण पुरेसे. खिडकीच्या काचेतून ते येत नाहीत. म्हणून साधारण दहा-अकराच्या सुमारास हातपाय उघडे टाकून, आठवड्यातून काही दिवस थोडा वेळ बसावे. कातडी भाजेपर्यंत मुळीच बसू नये. तान्ह्या बाळाला तर कडक उन्हात नेऊच नये, त्याच्यासाठी डॉक्टरांकडून थेंब घ्यावेत.

अन्नातून हे जीवनसत्त्व थोडेच मिळते : तेलकट मासे, अंड्याचा बलक, आणि मुद्दाम मिसळलेले दूध वा तेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांस रोज ६०० एकके सांगितली. दुकानात मात्र ६०,००० एककांची पुडी मिळते, आणि शेजारणीला गुण आला म्हणून आपणही महिनोन्‌महिने घेतो. हे धोक्याचे आहे. जास्त झाले तर रक्तात चुना वाढतो आणि मूत्रपिंडे बिघडतात. शिवाय हे सर्वरोगहर औषधही नव्हे. अमेरिकेत सुमारे २५ हजार माणसांना काही वर्षे रोज गोळ्या देऊन पाहिले. कर्करोग वा हृदयविकार होण्याचे प्रमाण त्यामुळे घटले नाही, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले.

शेवटी एकच मागणे. घरातली सून ‘कंबर भरून येते, जिना चढवत नाही’ म्हणाली, की ‘बायकांची दुखणी चालायचीच’ असे आपण म्हणतो. स्वयंपाकघर, माजघर, मागील दार एवढेच जिचे जग, तिला आळशी ठरविण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा. आणि रोज अकराच्या सुमारास घटकाभर तिच्या हातचे काम काढून घ्या. ते ऊन सूर्य फुकट देतो. त्यात बसायची सवड मात्र आपणच तिला द्यायची आहे.