न्यायासन आणि मतपेटी

(सौसर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उमेदवार मत मागावयास दारी आला म्हणजे आपण त्याचा पक्ष विचारतो, गाव विचारतो आणि बोलून न दाखविता त्याची जातही विचारतो. तो कालपर्यंत कोणत्या आसनावर बसला होता, हा प्रश्न मात्र आपल्या मनात क्वचितच येतो. आज मला त्या प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे.

१७ ऑगस्ट २०२३ रोजी भारतीय जनता पक्षाने मध्य प्रदेश विधानसभेसाठी ३९ उमेदवारांची पहिली यादी जाहीर केली. आपल्या सौसरसाठी तीत नानाभाऊ मोहोड यांचे नाव होते. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या पांढुर्ण्यासाठी प्रकाश उईके यांचे होते. उईके हे न्यायाधीशाचे पद सोडून राजकारणात आलेले गृहस्थ. ५ ऑक्टोबरला पांढुर्णा आणि सौसर या दोन तालुक्यांचा नवा जिल्हा अस्तित्वात आला, १७ नोव्हेंबरला मतदान झाले आणि ३ डिसेंबरला निकाल लागला. राज्यात भारतीय जनता पक्षाची सरशी झाली; परंतु पांढुर्ण्याने काँग्रेसचे नीलेश उईके यांना आणि सौसरने त्याच पक्षाचे विजय चौरे यांना पुन्हा निवडून दिले. न्यायासनाकडून मतपेटीकडे निघालेला प्रवास पांढुर्ण्यात तरी पराभवापाशी थांबला.

प्रकाश उईके यांनी काही नियम मोडला असे मी म्हणत नाही. राज्यघटनेच्या १९१ व्या कलमाप्रमाणे लाभाचे पद धारण करणाऱ्यास विधानसभेची निवडणूक लढविता येत नाही. न्यायाधीशाने आधी पद सोडावे आणि मग उमेदवारी करावी, एवढीच कायद्याची अपेक्षा आहे. शिवाय आदिवासी मतदारसंघातून कायद्याचा जाणकार विधानसभेत जावा, ही गोष्ट कोणत्याही पक्षाला भूषणावहच म्हटली पाहिजे. माझा प्रश्न व्यक्तीचा नाही. एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याचा जो दरवाजा सताड उघडा आहे, त्याचा आहे.

ही दोन घरे मुळातच वेगळी आहेत. आमदाराने लोकांची बाजू घ्यावयाची असते. न्यायाधीशाने कोणाचीही घ्यावयाची नसते. अमेरिकेतील बहुसंख्य राज्यांत न्यायाधीशांनाही कोणत्या ना कोणत्या रीतीने मतदारांपुढे जावे लागते. त्याचे फळ काय मिळते पाहा. पश्चिम व्हर्जिनिया राज्यात एका कोळसा कंपनीवर ५ कोटी डॉलरचा हुकूमनामा झाला होता. २००४ साली तिच्या प्रमुखाने राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाच्या निवडणुकीत एका उमेदवारासाठी सुमारे ३० लाख डॉलर ओतले. तो उमेदवार निवडून आला, त्याच कंपनीच्या अपिलात न्यायाधीश म्हणून बसला आणि कंपनीच्या बाजूने कौल देणाऱ्यांत सामील झाला! त्याने त्या खटल्यातून बाजूला व्हावयास हवे होते, असे २००९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. तेही पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने.

आपल्या घटनाकारांनी हा रस्ता बंद केला. जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक २३३ व्या कलमान्वये राज्यपाल उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने करतात. तेथे मतदाराला स्थान नाही. मतपेटीतून न्यायासनाकडे जाणाऱ्या वाटेवर असा पहारा बसविला, परंतु न्यायासनावरून मतपेटीकडे येणारी वाट मोकळीच राहिली.

या मोकळ्या वाटेने मोठमोठी माणसे गेली आहेत. सरन्यायाधीश के. सुब्बा राव यांनी एप्रिल १९६७ मध्ये राजीनामा दिला आणि मे महिन्यात ते विरोधी पक्षांतर्फे राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवून हरले. १९८३ साली बहारुल इस्लाम सर्वोच्च न्यायालय सोडून आसामातील बारपेट्याच्या लोकसभा जागेसाठी काँग्रेसचे उमेदवार झाले आणि त्याच वर्षी राज्यसभेत पोहोचले. मार्च २०२४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाचे अभिजित गंगोपाध्याय यांनी राजीनामा दिला, दोन दिवसांत भारतीय जनता पक्षात प्रवेश केला आणि जूनमध्ये ते खासदार झाले. तेव्हा हा दोष एका पक्षाच्या माथी मारून कोणालाही मोकळे होता येणार नाही.

याच्या शेजारी दुसरी उदाहरणे ठेवा. व्ही. आर. कृष्ण अय्यर आधी आमदार होते, १९५७ च्या केरळ मंत्रिमंडळात मंत्री होते; १९६८ साली ते उच्च न्यायालयात आणि १९७३ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८० साली निवृत्त झाल्यावर, तब्बल सात वर्षांनी, त्यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविली व ते हरले. आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशचे पहिले मुख्य न्यायमूर्ती झालेले एम. हिदायतुल्ला १९७० साली सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाले, आणि १९७९ साली बिनविरोध उपराष्ट्रपती झाले. मध्ये नऊ वर्षे गेली होती. त्यांच्या जुन्या निकालांवर नव्या पदाची सावली पडली नाही. अंतराचे महत्त्व ते हेच!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभे राहते व गोटमार सुरू होते. त्या दिवशी प्रत्येकाला काठ निवडण्याची मुभा आहे. परंतु दोन्ही काठांमधील तंटा सोडविण्यासाठी ज्याला नेमले, तो सायंकाळी निवाडा देऊन सकाळी एका काठावर दगड घेऊन उभा राहिला, तर त्या निवाड्यावर कोण विश्वास ठेवील? निवाडा खरोखर निःपक्षपाती असला तरी हरलेल्याच्या मनात शल्य राहीलच. आणि संशय त्या एका माणसापाशी थांबत नाही. जे न्यायाधीश आजही निष्ठेने आसनावर बसले आहेत, त्यांच्यापर्यंत तो पोहोचतो.

आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांना हा संशय परवडणारा नाही. १९५६ पूर्वी आपले उच्च न्यायालय हाकेच्या अंतरावर नागपुरास होते; पुनर्रचनेनंतर ते दूर जबलपुरास गेले. संत्र्याच्या बागेच्या बांधावरून भांडणाऱ्या गरीब शेतकऱ्याला तेथवर अपील नेणे झेपत नाही. त्याच्यापुरते तालुक्याचे न्यायालय हेच सर्वोच्च न्यायालय! तेथील विश्वास ढासळला तर त्याने जावे कोठे?

न्यायाधीशही नागरिकच आहे, त्याचा हक्क का अडवावा, असे कोणी विचारील. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायाधीशाला देशातील कोणत्याही न्यायालयात वकिली करण्यास १२४ व्या कलमाने मनाई आहेच. पद सोडल्यावरही पदाची मर्यादा उरते, हे तत्त्व घटनेने मान्य केले आहे. मग पद सोडल्यापासून किमान दोन वर्षे न्यायाधीशाने निवडणूक लढवू नये, एवढा निर्बंध कायद्याने घालणे अन्यायाचे कसे ठरेल?

तो कायदा होईल तेव्हा होवो. तोवर कायदा आपल्या हाती आहे, तो मतदाराच्या बोटाला लागणाऱ्या शाईत! उद्या कोणत्याही पक्षातर्फे माजी न्यायाधीश आपल्या दारी आले, तर त्यांना आदराने बसवा आणि तीन प्रश्न विचारा. महाराज, आपण पद केव्हा सोडलेत? पक्षाशी बोलणे केव्हा सुरू झाले? आणि त्या दोहोंच्या मधल्या काळात आपल्यापुढे कोणाचे खटले होते? उत्तरे समाधानकारक असतील तर खुशाल मत द्या. नसतील तर त्यांना नमस्कार करा, आणि मत दुसऱ्यास द्या.