यंत्र चालवतं, पण माणूस चालतो का?

पक्षाघातानंतर किंवा मज्जारज्जूला इजा झाल्यावर रुग्णाला पुन्हा चालतं करण्यासाठी आता यंत्रमानवाची मदत घेतात. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला तयार झालेलं ‘लोकोमॅट’ हे त्यांतलं सर्वांत परिचित यंत्र. वरून बांधलेले पट्टे रुग्णाचं थोडं वजन पेलतात, पायांखाली सरकपट्टा फिरतो आणि पायांना बांधलेल्या चौकटीतल्या मोटरी खुबा आणि गुडघा ठरल्या लयीत वाकवतात. पाहणाऱ्याला वाटतं, झालं, माणूस चालू लागला! माझ्या मते इथेच फसगत होते. एक पाय उचलण्याआधी आपण सगळा भार दुसऱ्यावर घेतो. कंबर त्या बाजूला जरा सरकते, किंचित वळते, हात उलट्या लयीत झुलतात. लोकोमॅटच्या मूळ रचनेत कंबरेला बाजूला सरकायला वावच नव्हता. म्हणजे तोल सांभाळण्याचं अवघड काम यंत्रानेच परस्पर उरकलं. आणि आयती मदत मिळाली की स्नायू हात आखडता घेतात. मज्जारज्जूला अंशतः इजा झालेल्या रुग्णांवरच्या, 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात थेरपिस्टच्या मदतीने चालताना लागला त्यापेक्षा यंत्रात प्राणवायू कमी लागला. रुग्णांना ‘होईल तेवढा जोर लावा’ म्हटल्यावर मात्र हा फरक बराच मिटला.

कोणी म्हणेल, ज्याला उभंच राहता येत नाही, त्याने तोल कसला शिकायचा? आक्षेप रास्त आहे. शिवाय वाकून एकेक पाऊल टाकून घेणाऱ्या थेरपिस्टची कंबर थोड्याच वेळात भरून येते. यंत्र थकत नाही. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित धांडोळा घेणाऱ्या ‘कॉक्रन’ या संस्थेच्या आढाव्यांनुसार, फिजिओथेरपीच्या जोडीला असं यंत्र वापरलं तर पक्षाघाताच्या रुग्णाने स्वतंत्रपणे चालू लागण्याची शक्यता वाढते. जास्त लाभ पहिल्या तीन महिन्यांत आणि मुळीच चालता न येणाऱ्यांना. पण पक्षाघातानंतर थोडंफार चालू शकणाऱ्यांवरच्या, 2008 आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अमेरिकी चाचण्यांत लोकोमॅटवाल्यांपेक्षा थेरपिस्टच्या हाताखाली सराव केलेल्यांचा चालण्याचा वेग जास्त सुधारला. तेव्हा यंत्राने सुरुवात जरूर करावी, पण रुग्ण सावरू लागला की हळूहळू अंग काढून घ्यावं. कंबरेला मोकळीक देणारी जोडणी आणि मदत कमी-जास्त करण्याची सोय आता निघाली आहे. पण सोय असणं वेगळं, ती वापरणं वेगळं. घरातल्या कोणाला अशा केंद्रात नेलंत, तर आज किती पावलं झाली एवढ्यावर थांबू नका. यंत्र किती मदत करतंय, पट्ट्यांवर किती भार आहे आणि हे आकडे गेल्या आठवड्यापेक्षा उतरले का, हेही थेरपिस्टला विचारा.