ठेवही आपली, कर्जही आपलेच



मुद्दल म्हणजे काय, हप्ता कसा बसवतात, घटत्या शिलकीवर व्याज कसे लागते, हे सांगण्यात मी वेळ घालवणार नाही. या सभागृहातले निम्मे लोक हप्ते फेडून मोकळे झालेले दिसतात, आणि उरलेल्यांची मुले सध्या फेडत आहेत. (हशा) म्हणून मला जे सांगायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. ज्या घरात गृहकर्ज चालू आहे आणि त्याच घराची मुदत ठेवही चालू आहे, ते घर आपला पैसा बँकेला स्वस्तात देते आणि तसाच पैसा बँकेकडून महागात घेते. घरात ही दोन कागदपत्रे दोन वेगळ्या फायलींत असतात. कर्जाची फाईल मुलाकडे, ठेवीच्या पावत्या वडिलांच्या कपाटात, आणि दोन्ही एका टेबलावर शेजारी ठेवून बेरीज-वजाबाकी करण्याचा प्रसंग वर्षानुवर्षे येत नाही. तो यावा, एवढ्यासाठी आज मी उभा आहे.

हिशेबासाठी साडेआठ टक्के दर धरू. आज कित्येकांचा दर याहून कमी आहे, पण वीस वर्षांत दर खालीही जातो आणि वरही येतो. ५० लाखांचे कर्ज, मुदत २० वर्षे. हप्ता बसतो सुमारे ४३,३९१ रुपये. त्या घरात १० लाखांची मुदत ठेव आहे आणि तिच्यावर ७ टक्के मिळतात असे समजा. ठेवीची बाजू मी मुद्दाम बळकट धरतो आहे. वर्षाला ७० हजार व्याज आले. जुन्या करपद्धतीत ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाचे, उपकर धरून, त्यातले २१,८४० रुपये करात गेले. हातात ४८,१६० उरले. कर्जातल्या त्याच १० लाखांवर तो त्या वर्षी सुमारे ८५ हजार व्याज भरतो. फरक ३६ हजारांहून अधिक, दरवर्षी. याला कोणी फसवणूक म्हणू नये. ठेवीदाराला कमी द्यायचे आणि कर्जदाराकडून जास्त घ्यायचे, हाच बँकेचा व्यवसाय आहे. त्या फरकातूनच पगार, शाखा आणि बुडीत कर्जांची तरतूद निघते. इथे आयुष्यभर बँकेत प्रामाणिकपणे नोकरी केलेले पुष्कळ जण बसले आहेत, त्यांच्याविरुद्ध माझा एक शब्दही नाही. एकाच माणसाने दोन्ही बाजूंना उभे राहून तो फरक स्वतःच्या खिशातून का द्यावा, एवढेच मी विचारतो आहे.

आता एक समज, जो फार पक्का बसला आहे. बँक सगळे व्याज पहिल्या वर्षांतच वसूल करून घेते, त्यामुळे उशिरा कर्ज फेडण्यात अर्थ नाही, असे सुशिक्षित माणसेही सांगतात. पहिला भाग दिसायला खरा आहे. आपल्या उदाहरणात पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटते जेमतेम ८ हजार. व्याज आणि मुद्दल निम्मे-निम्मे व्हायला जवळजवळ १२ वर्षे लागतात. पण बँक आगाऊ काहीच घेत नाही. त्या महिन्यात जेवढी शिल्लक, तेवढ्याच शिलकीवर त्या महिन्याचे व्याज. सुरुवातीला शिल्लक मोठी, म्हणून व्याज मोठे. पहिल्या वर्षाच्या शेवटी १ लाख रुपये जादा भरले तर शेवटचे सुमारे ११ हप्ते नाहीसे होतात, म्हणजे ४ लाख ८० हजारांच्या घरातली रक्कम. तेच १ लाख पंधरा वर्षांनी भरले तर साडेतीन हप्ते जातात. हे आकडे पाहून लोक म्हणतात, बघा, आता भरण्यात काय हशील! पण पहिला लाख एकोणीस वर्षे कामाला होता आणि दुसरा पाचच वर्षे. दोघांनाही वर्षाला मिळाले साडेआठ टक्केच, आणि तेही खात्रीचे. ज्यांच्या हाती निवृत्तीची रक्कम आली आहे आणि कर्जाची चार-पाच वर्षे उरली आहेत, त्यांनी हा समज आज इथेच सोडून जावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

समोरून तीन चिठ्ठ्या आल्या आहेत. तिन्हींत एकच आक्षेप आहे, कर्ज आधी फेडले तर करसवलत जाईल. (हशा) स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जव्याजावर जुन्या करपद्धतीत वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते. नव्या पद्धतीत ती मिळत नाही, आणि २०२३-२४पासून नवी पद्धत हीच मूळ पद्धत झाली आहे. जुनी हवी असेल तर मागून घ्यावी लागते. म्हणजे नव्या पद्धतीतल्या माणसाला हा आक्षेप लागूच होत नाही. जुन्या पद्धतीतला माणूस घ्या. ५० लाखांच्या कर्जाचे पहिल्या वर्षाचे व्याज ४ लाखांच्या वर जाते. वजावट २ लाखांची, त्यापुढच्या व्याजावर सवलत शून्य. तेव्हा शिल्लक साधारण साडेतेवीस लाखांवर येईपर्यंत जादा भरलेल्या प्रत्येक रुपयावर पूर्ण साडेआठ टक्के वाचतात. त्याखालीही ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्याला कर्ज करानंतर सुमारे ५.८५ टक्क्यांना पडते आणि ठेव करानंतर ४.८ देते. सवलत धरूनही ठेव हरते. करात ३१ रुपये वाचावेत म्हणून १०० रुपये व्याज देत राहणे हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचारी लोकांचा. महागाईने रुपयाची किंमत घसरते, मग कर्ज जितके सावकाश फेडावे तितके बरे. दर कायमचा बांधलेला असता तर यात तथ्य होते. आपली बहुतेक गृहकर्जे बदलत्या दराची आहेत, आणि ऑक्टोबर २०१९पासून बँकांची नवी कर्जे रेपो दरासारख्या बाहेरच्या मापदंडाला बांधली गेली. महागाई वाढली की रेपो वाढतो आणि आपले व्याजही वाढते. २०२०च्या मे महिन्यापासून दोन वर्षे रेपो ४ टक्के होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत तो साडेसहावर गेला. ६.७ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ५० लाख घेतलेल्या माणसाचा हप्ता सुमारे ३७,८७० रुपये. दोन वर्षांनी त्याची शिल्लक साडेसत्तेचाळीस लाखांच्या आसपास असताना दर ९.२ झाला. तेव्हा महिन्याचे व्याज ३६,३७९. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जातात दीड हजार रुपये, आणि उरलेली अठरा वर्षांची मुदत पस्तीस वर्षांवर जाते. त्याने कुठे सही केली नाही, नवे कर्ज काढले नाही, हप्ताही चुकवला नाही.

इथे मला थोडे मागे जावेसे वाटते, आणि हा वेळ वाया जाणार नाही असे मला वाटते. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी सावकारांच्या दारात जमले. पुढे ते लोण पुणे-नगर भागात पसरले. दख्खनचे दंगे म्हणून आपण ते शाळेत वाचतो आणि पुढे जातो. पण त्या जमावाने काय मागितले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांना हवे होते कर्जरोखे. मिळाले तिथे ते जाळले. माणसांवर हात त्या मानाने फार कमी पडला. थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा करायचा आणि त्यावर पुन्हा व्याज, या रीतीने कर्ज इतके फुगत गेले होते की मुळात किती घेतले होते हे कुळाला सांगता येत नव्हते. दामदुपटीचा नियम आपल्याकडे जुनाच. थकलेले व्याज मुद्दलाहून जास्त एका वेळी मागता येऊ नये, असा त्याचा आशय. हप्त्याच्या कर्जाला तो लावता येत नाही, कारण तिथे व्याज दरमहा चुकते होत असते. वीस वर्षांत ५० लाखांवर ५४ लाख व्याज गेले म्हणून दामदुपट मोडली असे कोणी म्हणू नये. मला महत्त्वाचे वाटते ते नंतरचे. चौकशी आयोग बसला आणि १८७९मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. रोख्यावर लिहिलेल्या आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला, आणि शेतकऱ्याला पैसे भरल्याची पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क मिळाला. कर्जदाराला आपले खाते पाहता आले पाहिजे, हे आपल्या मातीत इतक्या यातनेतून मान्य झाले आहे. त्याचेच पुढचे पाऊल १८ ऑगस्ट २०२३चे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक. दर वाढला तर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडेथोडे, हे कर्जदाराने निवडायचे. अंशतः किंवा पूर्ण रक्कम आधी भरण्याची मुभा. आणि दर तिमाहीला विवरण, ज्यात आजवर किती मुद्दल फिटले, किती व्याज गेले, हप्ता किती आणि किती हप्ते उरले हे लिहिलेले असेल. सुप्याच्या कुळाला जे मिळाले नाही ते आपल्याला फोनवर येते. ते न वाचता पुसून टाकणाऱ्या पिढीबद्दल मला खरोखर वाईट वाटते.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, तेव्हा सर्वांत वजनदार आक्षेप आता लगेच घेतो. कर्जात भरलेला पैसा परत मिळत नाही. आजारपण आले, नोकरी गेली, तर बँक म्हणेल नवा अर्ज करा. आणि नोकरी गेलेल्याला नवे कर्ज कोण देणार? हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च आणि सहा हप्ते एवढी रक्कम बाजूला काढल्याशिवाय एक रुपयाही जादा भरू नये. ही रक्कम एकाच बँकेत ठेवू नका. एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच विमा असतो, आणि त्याच बँकेतली बचत, ठेव, दुसऱ्या शाखेतले खाते, सगळे एकत्र धरले जाते. १९६०मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाल्या, त्यानंतर १९६२मध्ये हा विमा सुरू झाला, तेव्हा मर्यादा दीड हजार होती. २०१९मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला फक्त १ हजार रुपये काढता येत होते, हे मुंबईकरांना सांगायला नको. काही बँकांच्या गृहकर्जाला ओव्हरड्राफ्टसारखे खाते जोडलेले असते. जादा पैसा त्यात ठेवला की तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि लागला तर तो काढताही येतो. दर किंचित जास्त पडतो, पण उत्पन्न अनियमित असलेल्या घराला तो दर द्यावा असेच मी म्हणेन. एसआयपीबद्दलची चिठ्ठी वाचली. शेअर बाजार दीर्घ मुदतीत साडेआठच्या वर देऊ शकतो, त्याची हमी मात्र कोणी देत नाही. जानेवारी २००८मध्ये २१ हजारांना पोहोचलेला सेन्सेक्स त्याच ऑक्टोबरात ८ हजारांच्या घरात होता. चालू एसआयपी मोडा असे मी सांगत नाही. माझे भांडण आहे अडीच-तीन टक्क्यांच्या बचत खात्यात पडून राहिलेल्या लाखांशी आणि सवयीने नूतनीकरण होणाऱ्या ठेवींशी.

शेवटची चिठ्ठी व्यवहाराची आहे, म्हणून दोन मिनिटे जास्त घेतो. बदलत्या दराचे गृहकर्ज वैयक्तिक कर्जदाराने आधी फेडले तर बँकेला त्यावर दंड घेता येत नाही; जून २०१२पासून हे बंद आहे. जादा रक्कम भरताना हप्ता कमी करायचा की मुदत, हे लेखी कळवा. मुदत कमी करा असे माझे मत, कारण कमी झालेला हप्ता खर्चात विरघळतो. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत. डिसेंबर २०२३पासून बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते. बँकेचे येणे बाकी नसल्याचे पत्र घ्या, गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरात बँकेची नोंद असेल तर ती काढून घ्या, आणि सातबाऱ्यावर इतर हक्कांत बोजा चढवलेला असेल तर ते पत्र घेऊन तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज द्या. तो आपोआप उतरत नाही, आणि पुढे घर विकताना किंवा वारसांच्या नावावर करताना तीच एक ओळ महिनोन्‌महिने आडवी येते. अर्ज दिल्याची पोच घ्यायला विसरू नका.