तापीकाठचा धातुशोध
नंदुरबारच्या तापीला भरती ठाऊक नाही; भरती दिसते ती थेट सुरतेकडे. सुरत मुघल काळातलं मोठं बंदर, म्हणजे जुन्या जहाजांचे खिळे, नांगर शोधायचे तर तिथल्या गाळात. त्यासाठी वापरायच्या मेटल डिटेक्टरच्या वेटोळ्यातलं बदलतं चुंबकीय क्षेत्र धातूत वीज फिरवतं आणि यंत्र वाजतं. खारी ओली वाळूही थोडी वीज वाहते, म्हणून ते उगाचही वाजतं! पण शोध म्हणजे नुसतं यंत्र नव्हे: आपल्या प्रकाशे गावी, तापी-गोमाई संगमावर, १९५५ साली पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी थर उलगडत उत्खनन केलं, म्हणून ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती कळली. वस्तू नुसती उपटली की तिचा थर हरवतो. शिवाय १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा गाडलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.