घड्याळातले 170 नक्की कुणाचे?

आजचा विषय तुमच्या मनगटावरच आहे.

सकाळी सहाला कांजूरमार्गाहून जेव्हीएलआरने पवई तलावाकडे धावणारी पोरं-पोरी बघा. दर दोन मिनिटांनी मनगट वळवून बघतात. हार्ट रेट किती? 170! आता सांगा, हे 170 हृदयाचे की पायांचे?

थट्टा नाही करत. घड्याळाच्या पाठीवर हिरवा दिवा असतो. प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त जरा वाढतं आणि तो हिरवा उजेड जास्त शोषला जातो. परत आलेल्या उजेडाच्या चढउतारांवरून घड्याळ ठोके मोजतं. धावताना पट्टा सैल असेल, तर हाच उजेड पावलांच्या तालावरही हलतो. मग मिनिटाला 170 पावलं पडत असली, की घड्याळ कधीकधी तीच मोजत बसतं. त्यामुळे पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा. तरी शंका आली तर थांबा, लगेच नाडीवर बोटं ठेवून 15 सेकंद मोजा आणि चारने गुणा.

छातीवरचा पट्टा जास्त भरवशाचा, कारण तो हृदयाचे विजेचे संकेतच पकडतो. गंमत म्हणजे आपल्या शेजारच्या आयआयटी मुंबईत, स्मार्टवॉच सर्रास मनगटावर दिसू लागण्याआधीच, 'सिलिकॉन लॉकेट' नावाचं अंगावर घालायचं ईसीजी यंत्र तयार झालं होतं. माणूस रोजची कामं करतोय आणि ईसीजीची नोंद चालू आहे, ही कल्पना कांजूर स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावरची!

आता घड्याळातले ते रंगीत झोन. बरेचदा ते '220 वजा वय' या हिशोबावर चालतात. हा सरासरीचा आकडा आहे, तुमचा नाही. दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात. त्यात मुंबईची दमट हवा. घाम वाहतो, वेग तोच ठेवला तरी ठोके चढत जातात. मे महिन्यात झोन बघून फिटनेस घसरला म्हणून रडू नका, पाणी प्या.

पण खरी भीती उलटी आहे. छातीत दाबल्यासारखं होतंय, जबडा किंवा डावा हात दुखतोय, अंगाला दरदरून घाम सुटलाय, आणि माणूस म्हणतो, 'घड्याळात सगळं नॉर्मल आहे.' हार्ट अटॅकमध्ये ठोके नॉर्मल असू शकतात. घड्याळाचा ईसीजी एकाच बाजूने बघतो, दवाखान्यातला बारा बाजूंनी. अ‍ॅपलच्या ईसीजी अ‍ॅपमध्येच लिहिलंय, की त्याला हार्ट अटॅक ओळखता येत नाही. अशा वेळी घड्याळ बघूच नका. बसा, 108 लावा. 'घरी जाऊन बघू' नको.

आणि हो, पहिल्या पगारातून बाबांना स्मार्टवॉच घेणार असाल तर एक काम करा. त्यांच्या बीपीच्या गोळ्यांत बीटा ब्लॉकर आहे का बघा. त्या गोळीने ठोके मुद्दामच कमी ठेवलेले असतात. मग घड्याळ म्हणतं, 'अजून जोर लावा,' आणि बाबा इकडे धापा टाकतायत. गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा, 'चालताना किती ठोक्यांपर्यंत चालेल?' एवढं विचारा, आणि तोच आकडा घड्याळात टाकून द्या.

चला, भेटू पुढच्या भागात.