रमण्यातील दक्षिणा आणि आजची शिष्यवृत्ती



स्वागतसमितीच्या वतीने मी आपणां सर्वांचे या पुण्यनगरीत मनःपूर्वक स्वागत करतो. उतरण्याच्या व भोजनाच्या व्यवस्थेत जे न्यून राहिले असेल ते गोड मानून घ्यावे. शहर मोठे असले तरी समितीची थैली लहान आहे.

आता आपल्या चर्चेच्या विषयाकडे वळतो. ‘स्कॉलरशिप’ या शब्दात विद्वत्ता आणि विद्यार्थ्याला मिळणारी वृत्ती या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. त्यांचा परस्परसंबंध किती घट्ट व किती सैल असू शकतो, हे पुण्याच्या इतिहासाइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल. पर्वतीच्या पायथ्याशी, रमणा नावाच्या आवारात, पेशवे श्रावणमासी दक्षिणा वाटीत, तेव्हा शास्त्रीपंडितांची परीक्षा होऊन त्यांना योग्यतेप्रमाणे बिदागी मिळे हे खरे. परंतु आवारात शिरलेल्या बहुसंख्य ब्राह्मणांना जन्माच्या दाखल्याखेरीज दुसरा दाखला द्यावा लागत नसे. पेशवाई गेल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनसाहेबाने हा खर्च एकदम बंद न करता त्याला कात्री लावली, आणि 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढून त्यातील काही अंश तिच्याकडे वळविला. पुढे लोकहितवादी गोपाळ हरि देशमुखांच्या पुढाकाराने काही तरुणांनी, या रकमेतून मराठी ग्रंथकारांस उत्तेजन द्यावे, असा अर्ज सरकारात केला, तेव्हा शहरात जो क्षोभ उसळला त्याचे वर्णन येथे नको. दक्षिणा प्राइझ कमिटी मात्र स्थापन झाली, आणि कालांतराने ‘दक्षिणा फेलो’ ही नेमणूकही निघाली. न्यायमूर्ती रानडे आणि संस्कृत पंडित रा. गो. भांडारकर हे दोघेही असे फेलो होते. फेलोने स्वतःचा अभ्यास चालू ठेवून खालच्या वर्गांना शिकवावयाचे असे. म्हणजे रमण्यात ज्या द्रव्यामागे बहुधा कसलेच काम नव्हते त्याच्यामागे आता काम लागले. हे स्थित्यंतर मला कोणत्याही राज्यक्रांतीहून लहान वाटत नाही.

तथापि पात्र बदलले, एवढ्याने पंगत बदलली नाही. जोतीराव फुल्यांनी 1855 मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे पाठविले, ते नाकारले गेले. त्याच जोतीरावांनी 1882 मध्ये सरकारच्या हंटर शिक्षण कमिशनपुढे निवेदन केले की, चढाओढीच्या परीक्षेने शिष्यवृत्त्या देण्याची रीत तत्त्वतः न्याय्य असली तरी तिने इतर वर्गांत विद्येचा प्रसार होत नाही. बुद्धीची परीक्षा घेताना आपण घरातील सुबत्तेचीही परीक्षा घेतो, हा त्या निवेदनाचा मथितार्थ आम्हां परीक्षक मंडळींच्या फारसा पचनी पडला आहे, असे म्हणवत नाही. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची वृत्ती तीन वर्षांकरिता दिली. परतल्यावर बडोदे संस्थानची दहा वर्षे चाकरी करावी, अशी तीत अट होती. दानशूरांच्या देणगीलाही करारनाम्याची पुरवणी असते, ती अशी!

उद्याच्या पहिल्या बैठकीत अर्जदाराच्या निवडीचे निकष हाच विषय ठेवला आहे, आणि त्यावर मतभेद व्हावेत अशीच समितीची इच्छा आहे. आता अध्यक्षमहाराजांनी आसन स्वीकारून कार्यास आरंभ करावा, अशी मी त्यांना नम्र विनंती करतो.